मोटारीचे धुराडे

बंगळूरच्या शिवाजीनगरात मराठी माणूस प्रथम जातो तेव्हा नावामुळेच त्याला थोडे घरच्यासारखे वाटते. या वस्तीचे जुने नाव ब्लॅकपल्ली. शहाजीराजांची जहागीर या शहरावर होती, ही गोष्ट तर शाळेपासून आपल्या मनात रुजलेली असते. प्रत्यक्षात तेथे पोहोचल्यावर मात्र इतिहास आठवायला उसंत मिळत नाही. 1927 साली बांधलेले रसेल मार्केट, त्यापुढची फळांची दाटी, आणि पलीकडच्या गल्ल्यांत मोडीत निघालेल्या मोटारींचे सुटे भाग विकणारी दुकाने! दारे, दिवे, रेडिएटर आणि दोरीला टांगलेले सायलेन्सर. या गल्ल्यांना तिकडे ‘गुजरी’ म्हणतात.

मी अर्थशास्त्राचा एम.ए. आणि पेशाने सरकारी नोकर. यंत्रविद्येशी माझा संबंध दौऱ्याच्या गाडीत मागे बसण्यापुरता. तरीही एका रविवारी मी तेथे गेलो, त्याचे कारण माझा भाचा. त्याने बाराशे सीसीची एक जुनी पेट्रोल गाडी विकत घेतली होती आणि तिचे धुराडे सुधारण्याचा ध्यास त्याला लागला होता. पंचेचाळीस हजारांची यादी त्याने तयार केली होती. ताईने फोनवर मला एवढेच सांगितले, “तू बरोबर जा. तो माझे ऐकत नाही, तुझे तरी ऐकेल.”

“मामा, आधी मागचा डबा बदलायचा, मग मधली नळी, मग पुढचा मॅनिफोल्ड,” तो वाटेत म्हणाला. मी विचारले, “हाच क्रम का?” त्यावर तो म्हणाला, “पैसे जमतील तसतसे पुढे सरकायचे.” एका अर्थशास्त्र्याला निरुत्तर करणारे हे उत्तर होते, यात शंका नाही.

श्रोतेहो, धूर इंजिनापासून शेपटाकडे जातो आणि आपला हौशी तरुण मात्र शेपटापासून इंजिनाकडे निघतो. इंजिनाच्या चार नळकांड्यांतून धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. मिनिटाला तीन हजार फेरे घेणारे चार नळकांड्यांचे इंजिन सेकंदाला असे शंभर धक्के देते. मॅनिफोल्डमध्ये या चार वाटा एकत्र येतात. त्या नीट जुळल्या असतील तर पुढे गेलेला धक्का मागच्याला ओढून नेतो आणि नळकांडे अधिक स्वच्छ रिकामे होते. शक्ती वाढायची असेल तर ती बव्हंशी येथे वाढते. मागचा डबा मुख्यतः आवाजाचा धनी. तो बदलून लहान इंजिनाला हाती लागते ते जवळजवळ नाहीच. नळी जितकी रुंद तितकी चांगली, ही समजूतही तपासून घ्यावी. दोन इंची नळीऐवजी अडीच इंची घातली की आतली जागा दीडपटीहून अधिक होते, धुराचा वेग मंदावतो, आणि ती ओढ सैल पडते.

मग मॅनिफोल्डच आधी बदलावा काय? तेथे दुसरी अडचण उभी राहते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा थर त्यात असतो आणि तो चांगला तापल्याशिवाय काम करीत नाही, म्हणून त्याला इंजिनाच्या कुशीत बसवतात. बाजारातला चकचकीत मॅनिफोल्ड लावायचा म्हणजे बहुधा हा संच काढून टाकायचा. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मूळ बनावटीत असा फेरफार करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. भाच्याला हे सांगताना माझा स्वर नकळत कचेरीतला झाला असावा, कारण तो एकदम गप्प झाला.

या अवघड शांततेत आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या दुकानी पोहोचलो. त्याने यादीकडे पाहिलेसुद्धा नाही. “साब, पहले आवाज कहां से आ रा सो देखो,” आपल्या दखनीत तो म्हणाला. गाडी थंड होईपर्यंत त्याने आम्हांला चहा पाजला. मग ती चालू करून त्याने मागच्या नळीच्या तोंडावर जाड फडके दाबले. तोच पुढून, बॉनेटखालून, फुस्स असा आवाज आला. मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामधले गॅस्केट जळाले होते. सांध्याशी काजळीचा काळा पट्टाही दिसला.

ज्या भारदस्त आवाजावर भाचा भाळला होता आणि जो आणखी खुलावा म्हणून पंचेचाळीस हजार मोजायला निघाला होता, तो त्या फटीचा आवाज होता! शिवाय दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी तीच फट बाहेरची हवा आत ओढते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटते, पेट्रोल कमी पडते आहे, आणि गाडीचा संगणक विनाकारण जादा पेट्रोल सोडतो. लिटरला बारा किलोमीटरच का मिळतात, हे कोडे तेथे उलगडले.

गॅस्केट, बोल्ट आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आत काम झाले. मागचा डबा मिस्त्रीने टिकाऱ्याने ठोकून पाहिला, तर तो आतून गंजलेला निघाला. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफरूपाने तयार होते. गाडी रोज घर ते कचेरी एवढीच फिरली तर डबा पुरता तापत नाही, आणि ते पाणी आतच साचून पत्रा खाते. डबा बदलणे भागच होते. कंपनीच्या मापाचाच घ्यायचा, यावर मी अडून राहिलो. भाचा क्षणभर टांगलेल्या चकचकीत डब्यांकडे पाहत राहिला आणि मग त्याने साधा डबा हातात घेतला.

गाडी आता पंधरा किलोमीटर देते. ताईने परवा मला विचारले, “गाडी इतकी शांत कशी झाली रे? मला वाटले, बंदच पडली.” भाचा मात्र अजून थोडा खट्टू आहे. ती यादी त्याने फाडलेली नाही, गाडीच्या खणात ठेवली आहे.