मिरजनगरीत आपले स्वागत असो

दूरदूरहून आलेल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या आणि समस्त मिरजकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या हृदयाचे अनियमित ठोके हा या अधिवेशनाचा मुख्य विषय. मी पेठेतला व्यापारी. या विषयावर तुम्ही बोलायचे, मी ऐकायचे. मी गावाविषयी बोलतो.

डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये येथे मिशन हॉस्पिटल उभे केले. 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. कोकण, गोवा, कर्नाटक, कुठूनही आजारी माणूस निघाला की मिरजेच्या स्टेशनावर उतरतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वानलेससाहेबांचे नाव आपण जाणता. वानलेसवाडीने ते जपलेही आहे. मला आज नाव घ्यायचे आहे ते फरीदसाहेब सितारमेकर यांचे.

फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन हे शिकलगार. घराण्याचा धंदा हत्यारांचा. संस्थानांच्या तलवारींचे दिवस सरले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात हे हात तंतुवाद्यांकडे वळले. आधी दुरुस्ती, मग नवे तंबोरे, नव्या सतारी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा भोपळा आणायचा, वाळवायचा, त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी चढवायची. आणि शेवटी जव्हारी. आजही सितारमेकर गल्लीत जाऊन पाहा: कारागीर घोडीवर हलकेच कानस फिरवतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा कानस. तार मोकळी बोलेपर्यंत त्याची मान वर होत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या दिवशी मला फरीदसाहेबांची फार आठवण झाली. देशातल्या थोर गवयांच्या मागे जो तंबोरा झंकारतो, त्याचे मूळ या माणसात आहे. त्यांचे नाव गावाबाहेर कळावे, ही माझी जुनी तळमळ. स्टेथोस्कोप लावून तुम्ही जे ऐकता, त्यालाही असाच तयार कान लागत असणार.

अशाच थोर गवयांपैकी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर येथील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांची प्रकृती बिघडली, छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि फलाटावरच त्यांनी देह ठेवला. त्या काळी अशा ठिकाणी ईसीजीची पट्टी कुठली! त्यांच्या स्मरणार्थ उरुसात होणारी संगीतसभा आपण एकदा अवश्य ऐकावी.

आमचे कार्यवाह स्वतः डॉक्टर आहेत. अधिवेशनाचा विषय मलाही समजावा म्हणून ते मला वॉर्डात घेऊन गेले. धाप लागलेली, पायांवर सूज असलेली एक आजी खाटेवर टेकून बसली होती. एका डॉक्टरने मनगटाची नाडी मोजली, त्याच मिनिटात दुसऱ्याने छातीवरचे ठोके मोजले. छातीतले ठोके जास्त भरले. काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नव्हते! हृदयावर ताण आला की वरचे कप्पे ताणतात आणि थरथरू लागतात. मग खालचे कप्पे घाईने, कसेही चालतात, त्यांना भरायला वेळ मिळत नाही आणि थकलेले हृदय आणखी थकते. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली, तर अर्धांगवायू. सूज उतरवण्याच्या औषधाने पोटॅशियम घटले, तरी ठोके बिघडू शकतात. हे ऐकून मी हादरलो.

म्हणून एक विनंती. जत, कवठेमहांकाळ, अथणीकडचा रुग्ण घरी निघतो तेव्हा रक्त पातळ ठेवणारी गोळी कशासाठी, ती स्वतःच्या मनाने का थांबवायची नाही, वजन आणि नाडी कशी पाहायची, हे एका कागदावर सोप्या मराठीत आणि कानडीत लिहून त्याच्या हाती द्यावे. असा मजकूर या अधिवेशनात तयार झाला, तर छपाईचा सारा खर्च स्वागत समिती करील. हा शब्द मी सर्वांसमक्ष देतो.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. निवास तीन ठिकाणी विभागावा लागला, काहींना सांगलीत उतरवावे लागले. काल रात्रीच्या गाडीने आलेल्या पाहुण्यांना स्टेशनावर वाहनासाठी तिष्ठावे लागले, याचे मला फार वाईट वाटते. सभागृह अपुरे पडते आहे. मागच्या मंडपात पडदा लावला आहे. जेवण साधे आहे: भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांच्यासाठी वेगळी पंगत आहे. काही कमी पडले तर पिवळा बिल्ला लावलेल्या स्वयंसेवकाला हक्काने सांगा.

हळद आणि भुसार व्यापारी, औषध विक्रेते, मंगल कार्यालयाचे मालक, आचारी, मंडपवाले, रिक्षाचालक, सुट्टी सोडून राबणाऱ्या परिचारिका आणि विद्यार्थी, सर्वांचे आभार. देणगीदारांची नावे स्मरणिकेत आहेत. नाव छापू नका म्हणून पाकीट ठेवून गेलेल्यांना येथूनच नमस्कार. व्यासपीठावर ठेवलेले दोन्ही तंबोरे सितारमेकर गल्लीतील कारागिरांनी अधिवेशनासाठी आपण होऊन आणून दिले आहेत, त्यांचा मी विशेष ऋणी आहे.

आता मी अधिवेशनाध्यक्षांना उद्घाटनाची विनंती करतो.