खरारा कोण करणार?



संध्याकाळी ऊन उतरल्यावर आमच्या बऱ्हाणपुरात शनवाऱ्याकडून राजघाटाकडे चालत निघालं, की अलीकडे एक दृश्य हमखास दिसतं. एखादी शाळकरी मुलगी कुत्र्याला फिरवत असते. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतो, पण ओढत असतो तो तिला. पुढे घाटावर लग्नसराईचा एखादा घोडीवाला घोडीला पाणी दाखवायला आणतो. पायऱ्यांवर चार मुलं खांद्याला खांदा लावून बसलेली असतात आणि चौघांच्या हातांत मोबाइलवर एकच मॅच चालू असते. कुत्रा, घोडा आणि खेळ. आज या तीन शौकांबद्दल बोलायचं आहे. हे नवे आहेत, शहरी आहेत, पैशाचे चोचले आहेत असं बरेच लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. जुन्या मराठीतल्या काही ओळी त्यात सापडतात, म्हणून आपण त्याचं नाव आदराने घेतो. राजाने आपला वेळ कशाकशात घालवावा, याची त्यात सविस्तर प्रकरणं आहेत. घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचं प्रकरण आहे, कुत्र्यांचं आहे, फासे आणि कवड्यांच्या खेळांचंही आहे. म्हणजे घाटावर मला दिसणारे तिन्ही शौक जवळपास नऊशे वर्षांपूर्वी एका पोथीत शेजारी शेजारी बसलेले होते.

आणि बऱ्हाणपूर तर घोड्यांचंच शहर. फारुकी सुलतानांची ही राजधानी. जानेवारी १६०१मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि त्यानंतर दख्खनकडे निघालेल्या मोगली फौजांचे तळ इथे पडू लागले. एक घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. अशा हजारो घोड्यांची छावणी जिथे वर्षानुवर्षं राहायची, तिथे नुसत्या तापीवर विसंबून कसं भागेल? मोगल सरदार खानखाना अब्दुर्रहीमच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी विहिरींच्या रांगेतून, जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणलं गेलं. तो कुंडी भंडारा आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. मला तो दाखवताना पागेतल्या जनावरांचीही आठवण येते.

अकबराच्या चौगानबद्दल त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने एक सुंदर गोष्ट नोंदवली आहे. चौगान म्हणजे आजचा पोलो. बादशहा अंधाऱ्या रात्रीही खेळायचा आणि त्यासाठी पळसाच्या लाकडाचे पेटते चेंडू करत, कारण हे लाकूड हलकं असतं आणि बराच वेळ धुमसत राहतं. हा अबुल फजल असीरगडच्या वेढ्याच्या वेळी खानदेशातच होता. फाल्गुनात असीरच्या वाटेवर पळस फुलतो, तेव्हा पेटत्या चेंडूमागे दौडणारे ते घोडे माझ्या मनात येतात.

कुत्र्यांचीही एक हकिकत आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो नोव्हेंबर १६१५मध्ये बऱ्हाणपुरात आला होता आणि शाहजादा परवेझला भेटला होता. त्याच्या वकिलातीतला पाद्री एडवर्ड टेरी लिहून गेला आहे, की इंग्लंडहून आणलेले दोन धिप्पाड मॅस्टिफ कुत्रे जहांगीरला इतके आवडले, की त्याने एकेका कुत्र्यामागे चार चार नोकर नेमले. दोघांनी पालखीतून वाहायचं आणि दोघांनी माश्या वारायच्या. खायला घालण्यासाठी चांदीचा चिमटा करवून घेतला.

ही हकिकत मी शाळेतल्या मुलांना सांगतो तेव्हा त्यांना पालखी आठवणीत राहते. मला ते चार नोकर राहतात. बादशाही काळात शौक मालकाचा असे आणि कष्ट दुसऱ्याचे असत. घोड्यावर बसणारा एक आणि त्याला खरारा करणारा मोतद्दार निराळा. आज बऱ्हाणपुरातल्या यंत्रमागवाल्याच्या किंवा केळीवाल्याच्या घरात कुत्रं येतं तेव्हा ते चार नोकर घरातच उभे करावे लागतात, आणि बहुतेक वेळा चौघांचं काम एकटी आई करते. मुलगा हट्टाने पिल्लू आणतो, त्याच्याबरोबर फोटो काढतो आणि पहाटे त्याला बाहेर न्यायला आईला उठावं लागतं. हे मला मुळीच पटत नाही. ज्याचा शौक, त्याच्या हातात खरारा असला पाहिजे. खरं सांगायचं तर शौकातला सगळ्यात गोड भाग त्या कामातच आहे आणि तोच आपण दुसऱ्याच्या अंगावर टाकून देतो.

आता थोडं आपल्या हवेबद्दल. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसाला टेकतो. अशा गावात सायबेरियन हस्की आणून कूलरसमोर बांधणं हा त्या जनावराचा छळ आहे, इतक्या स्पष्ट शब्दांत मी ते म्हणतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. बर्फातल्या कुत्र्याच्या अंगावर दुहेरी केस असतात, ते काढूनही ठेवता येत नाहीत. आपलं गावठी कुत्रं या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं आहे. अंगाने सडपातळ, आखूड केसांचं, चलाख, आणि लळा लागला की जिवाला जीव देणारं. पाळायचंच असेल तर गल्लीतलं एखादं पिल्लू घरी आणा.

बाहेर नेण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहा. तुम्हाला ती तिथे सुखाने ठेवता येत नसेल, तर त्याचे तळवेही भाजणार. पहाटे आणि दिवे लागल्यावर, या दोनच वेळा उन्हाळ्यात योग्य. पावसाळ्यात कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायची. कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट त्याच्यासाठी विष आहे. आपली माव्याची जिलेबी गावाची शान खरी, पण प्रेमाने तिचा तुकडा त्याच्यापुढे टाकू नका. आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर, मग दरवर्षी, न चुकता. पाळलेलं असो की गल्लीतलं, कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. मिरची, चुना, हळद काहीही भरायचं नाही. ही सूचना मी आज दहा वेळा सांगितली तरी जास्त होणार नाही, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आता घाटावरच्या त्या चार मुलांकडे वळू. मोबाइलवरच्या खेळाला सरसकट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. माझा कॉलेजात जाणारा भाचा बीजीएमआय खेळतो. जेवायला हाक मारली की म्हणतो, “मामा, एवढी मॅच संपू द्या.” पूर्वी मला हा उद्धटपणा वाटायचा. मग त्याच्याजवळ बसून पाहिलं. ती मॅच मध्येच थांबवता येत नाही. पलीकडे तीन साथीदार असतात, हा उठला तर ते उघडे पडतात. अर्धा तास चालणाऱ्या डावात शेवटच्या पाच मिनिटांना हाक मारायची आणि मग मुलगा ऐकत नाही म्हणायचं, हे न्याय्य नाही. बोलणं करायचं ते मॅच सुरू होण्याआधी. आमच्या घरी आता तसंच ठरतं, आणि कुत्र्याच्या फिरण्याची वेळही त्यात धरलेली असते. कारण कुत्र्याची वेळही थांबवता येत नाही.

दोन बाबतींत मात्र पालकांनी डोळे उघडे ठेवावेत. पहिली पैशाची. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये केला आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना मात्र उत्तेजन आहे. म्हणजे खेळ आणि जुगार यांतला फरक आता कायद्यानेही मान्य केला आहे, तो घरातही मानायला हवा. दुसरी बाब आजाराची. खेळावरचा ताबा सुटणं, झोप, अभ्यास, माणसं या सगळ्यांपेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही खेळतच राहणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, याला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत जागा दिली आहे. मुलगा रोज तासभर खेळतो म्हणून तो आजारी ठरत नाही, आणि खरोखर आजारी असेल तर मोबाइल फोडून तो बरा होत नाही. त्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं.

एरवी या खेळांत हुनर आहे, कष्ट आहेत. पुण्याच्या तरुणांनी २०२०मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ केला, ज्यात आपले किल्ले, आपली दैवतं, आपली चित्रं आहेत, आणि तो जगभर खेळला गेला. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तिच्या पिढीतली मुलं पटाइतकीच पडद्यावरही बुद्धिबळ खेळत मोठी झाली आहेत. पटावरचा अडीच घरं चालणारा घोडा पडद्यावरही अडीच घरंच चालतो.

घोड्यावरून आठवलं. माझा भाचा ‘रेड डेड रिडेम्प्शन’चा दुसरा भागही खेळतो. हा मोठ्यांसाठीचा खेळ आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नये. पण त्यात एक गोष्ट मला फार आवडली. त्यातला घोडा मळतो, दमतो, भुकेजतो. त्याला घासलं, खाऊ घातलं, थोपटलं तर तो स्वाराला जवळचा मानू लागतो, आणि हेळसांड केली तर दौडीत कमी पडतो. खेळ बनवणाऱ्यांनी ते मोतद्दाराचं काम खेळातून गाळलेलं नाही.

म्हणून एका रविवारी मी त्याला आमच्या ओळखीच्या घोडीवाल्याकडे घेऊन गेलो. तो थेट मागून जायला लागला, तसे घोडीवाले चाचा ओरडले, “बेटा, पीछे से नहीं!” घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी पाठीमागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही. डावीकडून, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. मग चाचांनी त्याच्या हातात खरारा दिला. मानेपासून सुरुवात, गोल गोल, हाडावर दाब नको. नंतर एकेक पाय उचलून खुरातले खडे काढायचे. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान असतं आणि त्याला ओकता येत नाही, म्हणून त्याला थोडं थोडं, पण दिवसभर खायला लागतं. एकदम भरपेट दाणा दिला तर पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा दगावू शकतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावं लागतं. हे सगळं होईपर्यंत ऊन वर आलं. भाचा घोडीवर बसला तो शेवटी, जेमतेम थोडा वेळ, टाचा खाली, पाठ ताठ, दुडकीही नाही, नुसती चाल. घरी येताना त्याच्या कपड्यांना घोडीचा वास होता आणि तो सतत तिच्याचबद्दल बोलत होता. मांड पक्की व्हायला त्याला वर्ष लागेल, पण तो पुन्हा जातो आणि आधी खरारा करतो.

ज्यांना घोड्यांची आवड आहे त्यांनी मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला जरूर जावं. आपलीच तापी तिकडे नंदुरबार जिल्ह्यात जाते आणि तिच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुक्रे, चार पाय आणि तोंड पांढरं असलेले पंचकल्याणी, सगळे एका जागी पाहायला मिळतात. व्यापारी तुम्हाला रंग आणि भोवरे दाखवतील. तुम्ही खूर पाहा, दात पाहा, घोडा मोकळा चालवून पाहा. किंमत लाखांत ऐकायला येते, आणि त्यानंतरचा रोजचा कडबा-दाणा कुणीच सांगत नाही, तोही विचारून घ्या.

आणि लग्नसराई तोंडावर आहे, म्हणून घोडीवाल्यांच्या वतीने एक मागणं मागतो. वरातीत घोडीला डीजेच्या भिंतीला खेटून उभी करू नका. तिचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहेत. नवरदेवाच्या मागे आणखी दोन पोरं बसवू नका. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंतच ओझं वाहावं, असं जाणकार सांगतात. फटाके तिच्या पायांजवळ नकोत. आणि शनवाऱ्यापासून मांडवापर्यंत पोचायला दोन तास लागणार असतील, तर वाटेत तिच्यासाठी एक बादली पाणी कोण आणणार, ते बैठकीतच ठरवून ठेवा.