जेवढे दिले तेवढेच



स्पर्धा परीक्षांतील तर्कक्षमतेच्या प्रश्नांना पुष्कळ विद्यार्थी कोडी समजतात आणि ती सोडविण्याची एखादी युक्ती शोधीत राहतात. वस्तुतः येथे कसोटी लागते ती संयमाची. जेवढे सांगितले आहे तेवढेच मानावे, न सांगितलेले मनाने भरू नये, हा तो संयम होय.

एक उदाहरण घ्यावे. अ, ब, क, ड आणि इ असे पाच जण उत्तरेकडे तोंड करून एका रांगेत बसले आहेत. क बरोबर मध्यभागी आहे. अ हा ब च्या लगत डावीकडे आहे. ड कोणत्याही टोकाला नाही. उतावळा विद्यार्थी अ, ब, क, ड, इ अशी मांडणी करतो, सर्व अटी जुळल्या म्हणून समाधान पावतो आणि उजव्या टोकाला इ आहे असे उत्तर देतो. परंतु इ, ड, क, अ, ब ही मांडणीही सर्व अटी पाळते. म्हणून उजव्या टोकाविषयी निश्चित काही सांगता येत नाही. मात्र ड हा क आणि इ यांच्या मध्ये बसला आहे, हे दोन्ही मांडण्यांत खरे असल्यामुळे निश्चित आहे. शक्य आणि निश्चित यांतील अंतर उमगणे, हेच बैठक व्यवस्थेच्या प्रश्नांचे मर्म आहे.

विधाने व निष्कर्ष यांतही हीच सावधगिरी लागते. जेथे धूर तेथे अग्नी, हे प्राचीन नैयायिकांनी मानले. पण जेथे अग्नी तेथे धूर, हे मानले नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. 'सर्व खेळाडू चपळ आहेत' यावरून 'सर्व चपळ माणसे खेळाडू आहेत' असे म्हणणाऱ्याने हा गोळा आठवावा.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला आपली भाषा परीक्षेत आड येईल, अशी धास्ती असते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीतच असते, हे खरे. तरीही नातेसंबंधांच्या प्रश्नांत मातृभाषा त्याच्या मदतीला येते. इंग्रजीतील 'आंट' हा शब्द वाचताच त्याच्यापुढे आत्या, मावशी, काकू आणि मामी अशा चार वाटा उभ्या राहतात. चारांपैकी एक घाईने न निवडता पुढील विधानाची वाट पाहणे, एवढेच त्याने शिकायचे असते. प्रश्न एकदा आकृतीत उतरला की भाषेचे ओझे उरत नाही.

सरावाचा क्रमही ध्यानी घ्यावा. त्याच पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत दोन तासांत ८० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तरासाठी प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा होतो. तथापि आरंभी घड्याळ दूर ठेवावे. आधी अचूकता साधावी, मग वेग. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे, कोणती गोष्ट दिलेली नसताना गृहीत धरली, हे एका वाक्यात लिहावे. अशी वही महिनाभर ठेवणाऱ्याला स्वतःच्या उतावळेपणाची ओळख पटते.

परीक्षा एके दिवशी संपतात. परंतु ऐकीव वार्तेवरून एखाद्याविषयी मत बनविण्यापूर्वी, 'हे निश्चित आहे की केवळ शक्य आहे?' असे स्वतःला विचारणारा नागरिक समाजाला सदैव हवा असतो. साठ वर्षे पाटीपुढे उभ्या राहिलेल्या शिक्षकांच्या श्रमांचे चीज अशा विद्यार्थ्यांतच होते.