मुळांविना पाणी धरणारं शेवाळ

ऑर्किडच्या कुंडीत नर्सरीवाले पांढुरकं, वाळकं शेवाळ भरतात, पाहिलंय? ते स्फॅग्नम. आयर्लंड, स्वीडनच्या दलदलींत याची भावंडं मैलोगणती पसरलेली असतात. त्यांना ना मुळं, ना पानांवर रंध्रं. म्हणजे पाणी उडून जाऊ लागलं तर नळ बंद करायची सोयच नाही! पण पानातल्या मोठ्या पेशी मेलेल्या, पोकळ, भोकांच्या. त्याच पाण्याच्या घागरी. कोरड्या वजनाच्या 15-20 पट पाणी हे शेवाळ धरतं.

खरी गंमत म्हणजे त्याची वाढ जागेप्रमाणे बदलते. डबक्यातली कस्पिडेटम जात ऐसपैस, विरळ वाढते. पाणी उशाशीच असतं ना! उंचवट्यावरची फस्कम मात्र खेटून, दाटीवाटीने उभी राहते. बारीक फटींतून पाणी वातीतल्या तेलासारखं वर चढतं, वारा आत शिरत नाही. पाऊस लांबला की कस्पिडेटम आधी सुकते. उन्हाळे कोरडे होत गेले तर फस्कमसारख्यांचं फावेल, असं वाटतं. पण फारच लांबलेल्या दुष्काळात त्यांचाही निभाव लागत नाही.

घरी हे शेवाळ असेल तर मूठभर वाळलेलं तोला, भिजवा, निथळू द्या आणि त्याने किती पाणी धरलं ते पुन्हा तोलून बघा.