2031 पर्यंत न उघडायचं पाकीट

आज ग्रंथालयशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी एक दैनिक काढत. छापखाना नव्हता, गुरुजी ते हातानंच लिहीत. त्याच हातानं 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेतली आणि 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्याआधी मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं. या पुस्तकांचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा.

पण ही माणसं सुटून आली तेव्हा त्यांची वाट पाहणारा समाज बाहेर होता. ज्यांची वाट कोणीच पाहत नाही, त्यांच्याबद्दल काय लिहिलेलं उरतं? आरोपपत्र, कोर्टाचा रोजनामा, तुरुंगाच्या नोंदवहीतल्या अंगावरच्या खुणा. सगळं दुसऱ्याच्या हातचं. 2022च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता.

सुटून आलेल्या बायकांबरोबर बसून मी हस्तलिखितं करते. हल्ली त्यांना झीन म्हणतात. आपण शाळेत काढायचो त्या हस्तलिखिताचंच हे धाकटं भावंड. एका कोऱ्या कागदाला तीनदा घडी घालायची, मधोमध एक काप द्यायचा, की आठ पानांची पुस्तिका तयार. पिना लागत नाहीत, संपादक लागत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे वीस प्रती निघतात.

एकीनं पहिल्या पानावर नुसता बल्ब काढला. बराकीतला दिवा रात्रभर चालू असायचा. घरी सासूनं दिवा मालवला की हिचा जीव घाबरा व्हायचा. दुसऱ्या पानावर दार. सुरुवातीचे काही दिवस ती उघड्या कडीच्या दारापाशी उभी राहायची, कोणीतरी येऊन उघडेल म्हणून. तिसऱ्यावर घरमालक: “याआधी कुठं राहत होता?” चौथ्यावर कामासाठी मागितलेला चारित्र्य पडताळणीचा दाखला. गुन्ह्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी विचारणारच होते, पण जीभ आवरली. गुन्ह्याची हकिगत कोर्टाच्या कागदांत आहे, पानंच्या पानं. तो बल्ब मात्र कुठंच नव्हता.

आता तुमच्या कामाचं बोलते. अशा पुस्तिकेला लॅमिनेशन करू नका, मग कागद प्लास्टिकमधून सुटत नाही. कोणी पिन मारलीच असेल तर काढा, आपल्या पावसाळ्यात ती गंजते आणि कागद खाते. पाकीट आम्लविरहित असू द्या. हे तुम्ही शिकलाच आहात. शिकवायचं राहून गेलं असेल ते हे, की तालिकेत नाव कसं नोंदवायचं ते लिहिणारीलाच विचारा. ती टोपणनाव सांगेल तर तेच नोंदवा. स्कॅन करून इंटरनेटवर टाकण्याआधी दोनदा विचारा, कारण तीच पुस्तिका उद्या घरमालकाच्या मोबाइलवर दिसली तर तिला खोली सोडावी लागेल. आणि ती परत मागायला आली तर देऊन टाका. संग्रहात एक जागा रिकामी राहील; राहू द्या.

बल्ब काढणारीची पहिली चार पानं मी तुम्हाला तिच्या परवानगीनं सांगितली. उरलेली चार तिनं घरी लिहिली, मी ती वाचलेली नाहीत. सगळी पुस्तिका पाकिटात घालून, तोंड डिंकानं चिकटवून ती माझ्या ग्रंथालयात आली. “मुलगा अठराचा झाला की येईल, त्याला द्या. तोवर कोणी उघडू नका,” म्हणाली. पाकिटावर तिच्याच अक्षरात 2031 लिहिलं आहे. माझी निवृत्ती त्याआधी आहे. खिडकीजवळचं कपाट, खालून दुसरा कप्पा. तो मुलगा येईल तेव्हा टेबलापाशी तुमच्यापैकी कोणीतरी असावं, एवढं मागायला मी आज आले आहे.