सामाईक तार



ज्या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले, तेथे आमच्यासारख्याने उभे राहावे हे थोडे धाडसच आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण गेट मीटिंगांत आणि रद्दीच्या दुकानांतल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा तत्त्वज्ञान सांगण्याचा आव आम्ही आणत नाही. आज आम्ही एका गाण्याच्या पेटीबद्दल बोलणार आहोत. ही पेटी आम्ही स्वतः केली, आणि करताना दोनदा फसलो.

आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी निवृत्त कामगार जमतात. काहीजण एम्प्रेस मिलचे आहेत. १८७७ च्या १ जानेवारीला सुरू झालेली ती मिल २००२ साली बंद पडली. पण तिच्या भोंग्याची आठवण निघाली नाही अशी संध्याकाळ जात नाही. या मंडळींपाशी कॅसेटींचे एक खोके होते. त्यात अण्णा भाऊ साठे व अमर शेख यांची शाहिरी होती, वामनदादा कर्डकांची गाणी होती, जुन्या सिनेमांचीही होती. फिती चिकटू लागल्या, तेव्हा आमच्या तरुण सभासदांनी ती सारी गाणी एका जुन्या काँप्युटरवर उतरवून घेतली. काम उत्तमच झाले.

परंतु एक गोष्ट आमच्या उशिरा ध्यानात आली. गाणी वाचली, पण त्यांची मालकी बदलली. माऊस ज्याच्या हातात, गाणे त्याच्या मर्जीचे! म्हातारे म्हणत, "बाळा, ते जरा लाव ना," आणि बाळ म्हणे, "थांबा काका." मोबाइल देऊन पाहिला. मोबाइलची काच बोटाला ओळखते ती बोटाच्या विद्युतगुणावरून. तीस वर्षे सूत आणि लोखंड हाताळून वाळलेली, घट्टे पडलेली कातडी तिला पुष्कळदा ओळखू येत नाही. आमच्या एका सहकाऱ्याची तर दोन बोटे यंत्रात गेलेली. ज्या हातांनी जन्मभर कापड विणले, त्या हातांना एका गाण्यासाठी दुसऱ्याची मिनतवारी करावी लागावी, हे आम्हांस खटकले.

१८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लुई ग्लास नावाच्या गृहस्थाने एका दारूच्या गुत्त्यात नाणे टाकून ऐकण्याचा फोनोग्राफ मांडला. त्याचाच वंशज ज्यूकबॉक्स. मुंबईच्या इराण्यांच्या हॉटेलांतही तो एके काळी वाजत असे. गल्ल्यावर बसलेला मालक काहीही पसंत करो, गाणे मात्र नाणे टाकणाऱ्या गिऱ्हाइकाचे लागे. आम्हांस हवी होती ती हीच सत्ता, आणि तीही नाण्यावाचून.

म्हणून आम्ही व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर असतात तशी मोठी गोल बटणे घेतली. फळीला ३० मिलिमीटरचे भोक पाडले की बटण बसते. बोट नसले तर तळहाताने दाबावे. दाबले गेल्याचा टक् असा आवाज येतो, हाताला कळते. दहा बटणांची योजना केली: क, ख, ग, घ, ङ ही पाच अक्षरे आणि १ ते ५ हे आकडे. अक्षर दाबावे, मग आकडा दाबावा. पाचा पाचे पंचवीस. दहा बटणांत पंचवीस गाणी! अकरावे बटण लाल, गाणे थांबवण्याचे.

पहिली फसगत अशी की, पैसे वाचवण्यासाठी आम्ही जुना कीबोर्ड फोडला आणि त्याच्या तारांना बटणे जोडू गेलो. आत तारा नव्हत्याच! पातळ प्लॅस्टिकवर छापलेल्या रेघा होत्या. सोल्डरिंगचा डाग देताच प्लॅस्टिक वितळले. मग मुकाट्याने एक तयार कार्ड विकत आणले. काँप्युटर त्या कार्डाला कीबोर्डच समजतो. कार्डाच्या प्रत्येक टोकाशी किंचित व्होल्टेज असते. बटण दाबले की ते टोक सामाईक तारेला जोडले जाते, व्होल्टेज उतरते, आणि कार्ड समजते की हाक आली. आतली पत्ती मिटताना क्षणभर थरथरते आणि एका दाबाचे दोन-तीन दाब भासतात. यास्तव सेकंदाच्या विसाव्या भागात आलेला दुसरा दाब मोजायचा नाही, असे कार्यक्रमात लिहावे लागते.

ध्यानात घ्या, प्रत्येक बटणाला तारा दोन. एक त्याची स्वतःची, दुसरी सर्वांची. ही सर्वांची तार कार्डापासून निघून एका बटणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी साखळीने जाते.

उद्घाटनाच्या दिवशी पहिली चार बटणे चालली आणि पुढची सात मुकी! अक्षरे होती, आकडा एकही नव्हता. म्हणजे गाणे एकही नाही. तरुणांनी एकेक बटण काढून तपासायला घेतले. तेवढ्यात मिलमधले एक जुने वायरमन मागून म्हणाले, "पोट्टेहो, बटनं नका पाहू, तार पाहा." चौथ्या बटणावरून पाचव्याकडे जाणारे सामाईक तारेचे थिंबल निसटले होते. दोष एकाही बटणाचा नव्हता.

काकांनी ते बसवले, आणि साखळीचे शेवटचे टोकही कार्डाला परत आणून जोडले. आता एके ठिकाणी तार सुटली तरी दुसऱ्या वाटेने सर्वांना पोचते. मात्र त्यांनी बजावले, "आता एक तुटली तर कळणार नाही. महिन्याला तपासत जा." मंडळी, संघटनेविषयी आम्ही पुष्कळ पुस्तके वाचली, पण सारे सुरळीत चाललेले दिसत असतानाच तपासावे, हे इतक्या थोड्या शब्दांत कोणी सांगितले नव्हते.

लाल बटणाविषयी सांगून संपवतो. या बटणांच्या स्विचला तीन पत्त्या असतात: एक सामाईक, एक दाबल्यावर जुळणारी, एक दाबल्यावर सुटणारी. आम्ही दुसरी वापरली. काका म्हणाले, मिलमध्ये थांबवण्याचे बटण तिसरीवर जोडत. म्हणजे तार तुटली तरी यंत्र आपोआप थांबते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २४ व्या कलमाने, आणीबाणीत चालत्या यंत्राची शक्ती तोडण्याचे साधन प्रत्येक कामाच्या खोलीत असावे अशी सक्ती केली होती. आम्ही विचारले, मग पेटीचे लाल बटणही तसे करावे काय? बोटे गमावलेले आमचे सहकारी शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "राहू द्या. गाणं नाही थांबलं तर कोणाचा हात जात नाही."

आणि त्यांनी तळहाताने 'ग' दाबले, मग '३'. कोणालाही विचारले नाही. गाणे सुरू झाले.