हिमाचे दप्तर राखणारा शास्त्रज्ञ



कंधारच्या जगत्तुंग समुद्राच्या काठी हिमनदीचा विषय काढणे काहींना नवलाचे वाटेल. आपली मन्याड काय किंवा गोदावरी काय, या पावसावर जगणाऱ्या नद्या. पाऊस रुसला म्हणजे काय होते, हे २०१६ साली सर्वांनी पाहिले. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. उत्तरेतील नद्यांच्या पाठीशी मात्र हिमालयातील बर्फाची ठेव आहे. त्या ठेवीचा हिशेब मांडण्यात डॉ. अनिल कुलकर्णी यांनी आपली कारकीर्द वेचली.

पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातील या कुलकर्ण्यांनी हिमनद्यांचे दप्तर उघडले. उन्हाळ्याच्या अखेरीस हिमनदीच्या वरच्या भागात हिम शिल्लक राहते, ती जमा. खालचा भाग वितळतो, तो खर्च. दोहोंमधील हिमरेषा उपग्रहाच्या चित्रात दिसते. तिच्या आधारे हिमालयातील हिमनद्यांचा ताळेबंद काढण्याची रीत त्यांनी १९९२ साली मांडली.

पुढे चिनाब, पार्वती आणि बस्पा या खोऱ्यांतील ४६६ हिमनद्या त्यांनी व सहकाऱ्यांनी तपासल्या. १९६२ चे नकाशे आणि भारतीय उपग्रहांची चित्रे ताडून पाहिली. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : २०७७ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १६२८ वर आले होते, म्हणजे २१ टक्के घट. एक चौरस किलोमीटरहून लहान अशा १२७ हिमनद्यांची घट तर ३८ टक्के होती. मोठ्या हिमनद्यांचे तुकडे पडल्यामुळे त्यांची संख्या मात्र वाढली होती. केवळ संख्या मोजणारा येथे फसला असता!

त्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय अहवालाने २०३५ पर्यंत हिमालयातील हिमनद्या नाहीशा होतील, असे भाकीत केले. जगभर खळबळ उडाली. २०१० मध्ये ते विधान निराधार ठरून मागे घ्यावे लागले. मग, सारेच थोतांड आहे, असे म्हणणारेही पुढे आले. भय आणि बेफिकिरी या दोहोंना उत्तर एकच, मोजमाप. कुलकर्णी यांनी पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही हेच व्रत चालविले.

आपल्या अंगणात हिमनदी नाही, पण विहीर आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तिची पातळी किती जण लिहून ठेवतात? पाण्याचे दप्तर तेथूनच सुरू होते. राष्ट्रकूटांनी तलाव दिला. त्याचा हिशेब राखणे आपल्या हाती आहे.